नवा उद्योग, पहिली दोन वर्षं : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

नवीन कंपनी काढणाऱ्याला सल्ले भरपूर मिळतात, पण बहुतेक गुंतवणूकदार आणि पिच डेक (त्यांना दाखवायचं सादरीकरण) यांबद्दलचे. महापे, रबाळे, वागळे इस्टेटमध्ये चार-पाच माणसांनिशी कंपनी चालवणाऱ्यांशी बोललं की वेगळंच ऐकू येतं : काम मिळतं, पैसे अडकतात. म्हणून हा धागा. पैसे खात्यात येईपर्यंत काय काय करता, भागीदारांत काय ठरवून घेतलंत, कुठला कागद उपयोगी पडला, ते लिहा. कंपन्यांची आणि माणसांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. महाप्यात आमचं कारखान्यांच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आहे. आम्ही फुकट पायलट, म्हणजे मोठ्या ऑर्डरआधीची छोटी चाचणी, करत नाही. रक्कम लहान का असेना, ती मंजूर करायला प्लँटवाल्यांना खरेदी विभागात जावं लागतं, व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून आपला नंबर) निघतो, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) निघते. मोठी ऑर्डर येते तेव्हा ही वाट आधीच मोकळी झालेली असते. फुकट पायलटमध्ये मॅनेजर खूश असतात आणि खरेदी विभागाला आपलं नावही माहीत नसतं.

दुसरं, ग्राहकाच्या जागेवर जाऊन बसा. रबाळ्याला एका सुपरवायझरांच्या शेजारी शिफ्ट बदलताना बसले होते. त्यांच्या तेलकट वहीत मशीनचा नंबर कुठेच नव्हता. ‘मोठी लेथ’, ‘खिडकीजवळची’, ‘जुनी प्रेस’ अशीच नावं. आमच्या पहिल्या स्क्रीनवर तेव्हापासून हीच नावं दिसतात, आणि ऑपरेटर स्वतःहून नोंदी करतात. मीटिंग रूममध्ये हे कोणी सांगितलं नसतं.

वागळे इस्टेट, शीट मेटल

ताई, फार गरजेचा विषय काढलात. तरुण मुलांना कायदा माहीत नसतो, म्हणून तेवढंच लिहितो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, फुकट होते, आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

व्याज मागायला सहसा कोणी जात नाही, पुढची ऑर्डर हवी असते. खरा उपयोग झाला तो आयकरातल्या बदलाचा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला वजा करता येत नाही. आता मार्च जवळ आला की समोरचे अकाउंट्सवाले आपणहून फोन करून उद्यम सर्टिफिकेट मागतात.

मुदत मोजली जाते ती माल पोचल्यापासून, आणि मालाबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांत लेखी यावी लागते. तेव्हा डिलिव्हरी चलनावर तारीख, सही, शिक्का हे टेम्पो गेटवर उभा असतानाच घ्या. नंतर त्या एका सहीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.

घणसोली, नवीन

काका, खूप आभार. आम्ही दोघं आहोत, अजून पहिलं बिलही फाडलेलं नाही. सर्व्हिसचा जीएसटी पैसे आल्यावरच भरायचा ना?

नौपाडा, सीए

नाही. बिल आणि पैसे, यातलं जे आधी होईल तेव्हापासून कर लागू होतो. ५ लाखांच्या बिलावर १८ टक्क्यांनी ९० हजार. इनपुट क्रेडिट (आपण खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी) वजा करून उरेल ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं, ग्राहकाने दमडी दिली नसली तरी. म्हणून पीओतच पैशांचे टप्पे पाडून घ्या आणि टप्प्याटप्प्याने बिल करा.

प्रायव्हेट लिमिटेड काढली असेल तर स्थापनेपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए, म्हणजे व्यवसाय सुरू करत असल्याच्या घोषणेचा फॉर्म, भरायचा. वार्षिक फॉर्म उलाढाल शून्य असली तरी भरावेच लागतात. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये. पैसे तुटपुंजे असताना हा भुर्दंड फार जाचतो, म्हणून कळकळीने सांगतोय.

खारघर, नाचणीचे पदार्थ

आमच्या धंद्यात फुकट चव द्यावीच लागते, पण दुकानाला फुकट माल नाही. ‘ठेवून जा, विकला की पैसे’ असं सगळेच म्हणतात. आम्ही अर्धाच खोका देतो, पण रोखीने. मुदत संपलेला माल किती परत घेणार तेही आधीच ठरवतो. रविवारी नेरूळ, सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये स्टॉल लावतो. तिथे आज्या किंमत विचारायच्या आधी पाकीट उलटं करून मैदा आणि पाम तेल शोधतात. आता ‘मैदा नाही’ हे आम्ही पुढेच छापतो.

ऐरोली, अॅप

आम्ही तिघे कॉलेजचे मित्र. शेअर चार वर्षांत हळूहळू मिळतील आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही, असं पहिल्याच महिन्यात लिहून सह्या केल्या. एकजण वर्षाच्या आतच नोकरीला लागला. कागद होता, वाद झाला नाही. आजही दर गणपतीला तो घरी येतो.

आणखी एक. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीचा असतो, पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, लेखी हस्तांतर केलं नाही तर, सहसा त्याचाच राहतो. हस्तांतरात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याने ती पाचच वर्षं धरतात. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी सही घ्या.

घणसोली, नवीन

सीए साहेब, ग्राहक मोठा आहे. टप्पे मागितले तर नाराज नाही होणार?

महापे, धागाकर्ती

मोठ्या कंपन्यांना टप्प्यांची सवय असते, बिनधास्त मागा. आम्ही कोटेशनमध्येच लिहितो : ३० टक्के ऑर्डरसोबत, ४० टक्के चाचणीसाठी दिल्यावर, ३० टक्के वापर सुरू झाल्यावर. त्यांच्या मसुद्यात ‘समाधानकारक पूर्ततेनंतर’ असं आलं तर खाली एक ओळ घालून घ्या : सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरलं जाईल. मसुदा आला की नावं काढून इथे टाका, काका आणि सीए साहेबही बघतील.