मदत हवी आहे : चिलापी माशाच्या आतड्यातील सूक्ष्मप्लास्टिक वेगळे कसे करावे?

नमस्कार. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी ज्या उजनी जलाशयात उतरते, तिथल्या चिलापीच्या आतड्यात 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक किती आहे, हे मी महाविद्यालयीन प्रकल्पासाठी तपासत आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात मांस विरघळते. पण चिलापी शेवाळ खात असल्यामुळे मागे हिरवट लगदा उरतो आणि गाळणकागद लगेच तुंबतो. संपृक्त मिठाच्या पाण्यात पॉलिथिन तरंगते, मात्र पॉलिएस्टरचे धागे जड असल्याने गाळासोबत तळाशी बसतात, आणि कपडे धुताना सुटणारे धागे बरेचसे तेच असल्यामुळे ते मोजणीतून वगळणे मला मुळीच पटत नाही. हे धागेही तरंगतील इतके जड द्रावण झिंक क्लोराइडचे होते, पण ते महाग आणि घातक आहे. त्याऐवजी काय वापरावे आणि प्लास्टिकला धक्का न लावता शेवाळ कसे काढावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया तपशिलासह सांगावे.