तिरका नंबर आणि रेड डॉट: ठिपका गोल दिसंना, काय घेऊ?

बावड्याचा_बापू
राम राम मंडळी. वय ४३, कसबा बावडा. पोरगी दुधाळीच्या शूटिंग रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकायला जाती, तिला सोडायला-आणायला जाऊन जाऊन मलापण नाद लागला, मग दिवाळीत पॉइंट १७७ ची स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली. घरामागं परड्यात वाळूचं पोतं लावून मारत बसतो. नेम धरायची मागची खाच धूसर दिसायला लागली म्हणून अडीच हजाराचा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दिसणारी नेमाची साइट) मागवला, तर ठिपका म्हणून काय दिसायलंय, स्वल्पविराम! खालून वर ओढलेला, शेजारी दोन पिल्लं, आणि संध्याकाळी तर चुलीतली ठिणगी फुटल्यागत. दुकानदाराला फोन केला तर म्हणतोय पीस ओके आहे साहेब, डोळे दाखवा. उजव्या डोळ्याला सिलिंडर नंबर, म्हणजे तिरका नंबर आहे, कागदावर -०.७५, अॅक्सिस (त्या नंबराचा कोन) १८०. एवढ्याशा नंबरानं असं होतंय काय? का माल खराब? परत करून दुर्बिणीसारखा स्कोप घेऊ? बायकोला अजून ह्याचीच किंमत सांगितलेली न्हाई, तवा दुसऱ्यांदा चुकायला नको.

पेठेतला_गडी
दुकानदाराला शिव्या घालायच्या आधी दोन मिनिटांचं काम करा. ब्राइटनेस कमी करून मोबाईलचा कॅमेरा साइटच्या मागं धरा. स्क्रीनवर ठिपका गोल आला तर माल चांगला. तरी शंका असली तर साइट रायफलवरनं उतरवा आणि डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवा. शेपटी साइटबरोबर फिरली तर साइट वाकडी, साइट फिरली तरी शेपटी जिथल्या तिथं उभी राहिली तर मालक वाकडा. माझ्यात मालक वाकडा निघाला 😄
आणि ब्राइटनेस फुल्ल ठेवून बघायलाय काय? सावलीत एकदम खाली आणा, जेमतेम दिसंल एवढाच. निम्मी पिल्लं तिथंच मरत्यात.

बावड्याचा_बापू
केलं. मोबाईलात एकदम टिकलीसारखा गोल. साइट फिरवली तर शेपटी जाग्यावर. म्हणजे मीच वाकडा 🙏

आडवी_रेघ
मी चष्म्याच्याच कामात आहे, राजारामपुरीत, म्हणून लिहिते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असायला हवा, तो एका दिशेनं जास्त वाकलेला असला की एका ठिपक्यापासून आलेला उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एका जागी जमतच नाही, रेघेसारखा पसरतो. तुमचा अॅक्सिस १८० आणि नंबर मायनस, म्हणजे ठिपका उभाच ओढला जाणार, तुम्ही सांगताय ते बरोबर जुळतं. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली अधिकच्या चिन्हासारखी खूण, बघितलीत तर उभी रेघ स्वच्छ आणि आडवी पुसट दिसेल. संध्याकाळी बाहुली मोठी होते म्हणून त्रास वाढतो.
पण ०.७५ ला एवढा तमाशा जरा जास्तच वाटतोय. चष्मा किती जुना? आणि खरं सांगा, नेम धरताना चष्मा घालता का?

बावड्याचा_बापू
चष्मा चार वर्षांचा हाय ओ ताई. घालतो, पण गाल लाकडावर टेकला की फ्रेम वर सरकती आणि मी काचेच्या नाकाकडच्या कोपऱ्यातनं बघायलोय असं पोरगी म्हणाली.

आडवी_रेघ
मग दोन्ही गोष्टी झाल्या. एक म्हणजे नंबर परत तपासा, आणि आधीच सांगा की सिलिंडर पूर्ण पाहिजे. बऱ्याच ठिकाणी 'चक्कर येईल' म्हणून सिलिंडर कमी करून देतात, वाचायला चालून जातं, ठिपक्याला नाही. दुसरं म्हणजे काचेच्या कोपऱ्यातनं तिरकं बघितलं की काच स्वतःच थोडा तिरका नंबर तयार करते. पोरांच्या नेमबाजीच्या फ्रेमी बघितल्यात ना, एकच गोल काच आणि ती हवी तशी फिरवता येते, ती त्याचसाठी. त्यात सिलिंडरची काच बसवली तर मात्र अॅक्सिस नीट जुळवून घ्या, काच १०-१५ अंश फिरली तरी सगळं मुसळ केरात. टॉरिक, म्हणजे तिरक्या नंबराची कॉन्टॅक्ट लेन्स हाही मार्ग आहे, पण पापणी मिटल्यावर ती क्षणभर हलते, काहींना चालते काहींना नाही.

दुधाळी_रिटर्न
मी वेगळंच विचारतो, १० मीटरला रेड डॉट पाहिजेच कशाला? हिशोब करा. ३ एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) ठिपका १० मीटरवर जवळजवळ ९ मिलिमीटर झाकतो. पोरगी ज्या कागदावर मारती त्यातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आहे आणि अख्खं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटर. म्हणजे डोळा सरळ असता तरी तुम्ही परातीनं मोहरी झाकायलाय.
मागच्या खाचेच्या जागी बारीक भोकाची पीप साइट लावा मालक. बारीक भोकातनं बघितलं की कडेचा पसरलेला उजेड कापला जातो, तिरका नंबर असो का चाळिशी, दोन्ही निम्मे गप्प. कार्डाला टाचणीनं भोक पाडून त्यातनं घड्याळ बघा, पटंल. भोक लई बारीक केलं तर अंधारतं, म्हणून आयरिस, म्हणजे कमी-जास्त करता येणारं भोक, असली तर बरी. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसात ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं ते असल्याच साइटवर. मोठं करून दाखवणारा स्कोप त्या स्पर्धेत चालतच नाही, नंबराची काच चालते.

पन्हाळी_वारा
बापू काय ऑलिंपिकला निघालेत काय राव 😂 परड्यात डबं पाडायला स्कोप काय वाईट? मी ४ पटीचा वापरतो, सिलिंडर -१.२५, चष्मा घालून झकास. पण दोन गोष्टी बघून घ्या. स्प्रिंगची रायफल मागं पण झटका देती आणि पुढं पण, साधा स्कोप महिन्या-दोन महिन्यात खुळा होतो, माझा पहिला असाच गेला, हलवला की आत खुळखुळा वाजायचा. एअरगनसाठी म्हणून बनवलेलाच घ्या. दुसरं, पुढं फोकसची रिंग असलेला, १० यार्डापर्यंत येणारा घ्या, न्हाईतर १० मीटरवरचा कागद धुक्यातला पन्हाळा दिसतो.
डोळ्याकडची रिंग फिरवून तिरका नंबर जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती फक्त साधा नंबर जुळवती. आडवी रेघ स्वच्छ केली की उभी पुसट होती, लई झटलोय मी त्यात. प्रिझमवाल्या साइटमध्ये खूण काचेवरच कोरलेली असती, ती रेड डॉटपेक्षा बरी दिसती, पण महाग, आणि एअरगनला वापरलेली मी बघितली नाही.

बावड्याचा_बापू
दहा दिवसांनी लिहायलोय. नंबर तपासला, सिलिंडर निघाला -१.७५! चार वर्षांपूर्वीच्या माणसानं कमी करून दिलावता का मधी वाढला देव जाणे, पण नवा चष्मा घालून बाहेर पडलो तर पहिले दोन दिवस फुटपाथ तिरका वाटायचा. ठिपका आता गोल दिसतो, रात्री जरा केस फुटल्यागत, बास.
आणि तरीबी दुधाळीवाल्यांचं ऐकून पोरीच्या ओळखीतनं एक जुनी पीप आणली उसनी. मागची खाच काढली, पीप चढवली, पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) रायफल घेतल्यापासनं पहिल्यांदा काळीकुळकुळीत दिसली. पाच छऱ्यांतले चार एका रुपयाखाली झाकले. पाचवा पोत्यात.
रेड डॉट कुणाला पाहिजे असला तर बावड्यात येऊन घेऊन जावा. पण दारात किंमत बोलायची न्हाई, कोपऱ्यावर चहाच्या गाड्यावर बोलू.