एकाच टायरची हवा उतरते, व्हॉल्व्ह बदलावा का?

मदत हवी आहे. मागचा डावा टायर आठवड्याभरात ३३ वरून २८ पीएसआयवर येतो, बाकीचे तिन्ही ठणठणीत. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ दिलंय, तेवढंच ठेवतो आणि सकाळी गाडी हलवण्याआधी, टायर थंड असतानाच मोजतो. (टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायचा सल्ला कृपया नको!) थंडीचं कारणही पटत नाही. पारा साधारण ५-६ अंशांनी उतरला की १ पीएसआय कमी होतो, पण तो चारही टायरांत व्हायला हवा ना?

पंक्चरवाल्याने तपासलं, खिळा-बिळा काही नाही. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी सोडलं, तर एक बारीकसा बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो, पुन्हा येतो. टोपी घट्ट बसवली की थांबतो, पण टोपीच्या भरवशावर किती दिवस काढायचे? डॅशबोर्डवरचा दिवा एवढ्याशा घटीला लागतही नाही.

टायर ट्यूबलेस आहे, व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा, आत हवेचा दाब मोजणारा सेन्सर. नुसती व्हॉल्व्हच्या आतली पिन (हवा अडवून धरते ती) बदलून भागेल, की अख्खा व्हॉल्व्ह काढावा लागेल? आणि अशा व्हॉल्व्हला साधी पितळी पिन चालत नाही, निकेलचा मुलामा असलेलीच लागते, नाहीतर गंजून अडकते, असं ऐकलंय. कोणी स्वतः बदलली आहे का?