गृहकर्जाचं सँक्शन लेटर (मंजुरीपत्र) हातात आहे, शनिवारी इसार देऊन टाकू का?

वैशाली_शेळगी
नमस्कार मंडळी. मी एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, पगार 31,000. मिस्टरांचे अक्कलकोट रोडला चार यंत्रमाग आहेत. त्यांचे तीन वर्षांचे रिटर्न भरलेले आहेत. जुळे सोलापुरात एक जुना टू बीएचके पसंत पडलाय, बिल्डिंग 1999 ची, सौदा 34 लाखांत. एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं 27 लाखांचं सँक्शन लेटर आलंय. एजंट म्हणायलाय, "मॅडम, लोन झालंच समजा, शनिवारी इसार देऊन टाका." विकणारे 3 लाख मागतात, त्यातले दीड रोख.

मला काही गोष्टी खटकायल्यात. आत्ताचे मालक दुसरे. पहिल्या मालकानं बिल्डरकडून घेतलं तेव्हाचं मूळ साठेखत त्यांच्याकडे नाही, नुसती झेरॉक्स आहे. शिवाय कंपनी 88,000 चा विमा कर्जातच घालतीय, "घ्यावाच लागतो" म्हणे. आणि घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं आहे, पण कर्जात मिस्टरही लागणार म्हणतात. मग नावही दोघांचं लावावं लागेल का? तीन लाख म्हणजे माझी सात वर्षांची भिशी आणि आईच्या पाटल्या आहेत हो. रात्री झोप लागत नाही.

होटगीरोडवाला
रोख अजिबात देऊ नका. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. उद्या सौदा फिसकटला तर दीड लाख दिले होते हे कशावरून दाखवणार? चेक नाहीतर आरटीजीएस.

दिवाणजी_नवीपेठ
ताई, शनिवारी तीन लाख देऊ नका. कळकळीनं सांगतो.

मी नवी पेठेत चादरीच्या दुकानात 22 वर्षं दिवाणजी आहे. आयुष्य हिशेबात गेलं, तरी 2018 साली विजापूर रोडला घर बघितलं तेव्हा असंच लेटर हातात आल्यावर मी 2 लाख इसार देऊन बसलो. लेटरच्या दुसऱ्या पानावर तळाला ओळ होती, 'मिळकतीची कायदेशीर व तांत्रिक तपासणी समाधानकारक झाल्यास'. ती मी वाचलीच नव्हती. माझा पगार, रिटर्न आणि सिबिल बघून ते लेटर दिलं होतं. घराची फाईल तोपर्यंत कुणी उघडलेलीही नव्हती. मग वकिलानं 30 वर्षांचा सर्च काढला, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध घेतला, तर मधल्या एका खरेदीखतावर मयत मालकाच्या मुलीची सहीच नाही. कर्ज तिथंच थांबलं. इसार परत मिळायला अकरा महिने लागले, तोही 40,000 कमी. अकरा महिने बायको भाकरी थापता थापता रोज एकच विचारायची, "आज त्यांचा फोन आला का?"

म्हणून तुम्ही इसारपावतीत एक वाक्य लिहून घ्याच: टायटल (मालकी हक्क) किंवा व्हॅल्युएशन (घराची काढलेली किंमत) यामुळे कर्ज नामंजूर झालं तर इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. आणि रक्कम थोडी ठेवा. हे वाक्य लिहायला जो मालक तयार नाही, त्याच्या दारात परत जाऊ नका.

मूळ साठेखताचं फार मनावर घ्या. कागद खरंच हरवला असेल तर मालकानं पोलिसांत तक्रार द्यायची, प्रतिज्ञापत्र करायचं, वकिलामार्फत पेपरात जाहीर नोटीस द्यायची आणि दुय्यम निबंधकाकडून नोंदणीकृत दस्ताची सही-शिक्क्याची नक्कल काढायची. पण आधी हे बघा की तो कुठं गहाण तर पडलेला नाही. सेरसाई म्हणजे गहाण मिळकतींची केंद्रीय नोंदवही, तिथं मिळकतीवरचा बोजा शोधता येतो. कंपनीचा वकील बघेलच, तरी तुम्ही विचारा.

व्हॅल्युएशनचंही लक्षात ठेवा. सौद्याची किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत, यातली कमी असेल तीच धरतात. पंचवीसेक वर्षांच्या बिल्डिंगला तो 34 लाख लावेलच असं नाही. 27 चे 24 झाले तर वरचे तीन कुठून आणायचे, ते आजच ठरवा.

विमा कायद्यानं सक्तीचा नाही. 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांला धरलं तर 88,000 ची फेड 1,83,000 च्या वर जाते. विमा हवाच, दोघं कमावते आहात, पण साधा टर्म प्लॅन बाहेरून घ्या. कंपनीला ईमेल करा आणि की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचा दर आणि सगळे खर्च एकत्र दाखवणारा कागद, मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक आहे, आणि कंपनीमार्फत वसूल होणारा विम्याचा, वकिलाचा खर्चही त्यातल्या वार्षिक दरात धरावा लागतो. तो एक आकडा बघितला की एजंटचं गोड बोलणं बाजूला पडतं.

एकदा एखाद्या बँकेतही विचारून या. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना बदलत्या व्याजाचं नवं गृहकर्ज रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावं लागतं, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. यंत्रमागाचं उत्पन्न रिटर्नमध्ये कमी दिसतं म्हणून एजंटनं तुम्हाला थेट कंपनीकडे नेलं असेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

सातरस्ता_अ
नावाचं सांगते. घराच्या सगळ्या मालकांना कर्जात घेतात, पण कर्जातला प्रत्येक जण मालक असावाच असं नाही. मिस्टर सहकर्जदार आणि घर तुमच्या एकटीच्या नावावर, असं चालतं. खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तरच मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे तुमचे 34,000. कंपनीकडून हे लेखी घ्या.

वैशाली_शेळगी
काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. शनिवारी 51,000 चा चेक दिला, काकांचं वाक्य इसारपावतीत घालून. मालक आधी चिडले, मग त्यांच्याच मुलानं "बरोबर आहे की" म्हणून लिहून दिलं.

ईमेल केल्यावर दोन दिवसांत कंपनीनं तो विमा कर्जातून वगळला. मंगळवारी व्हॅल्युअर टेप घेऊन आले. बाल्कनी बंद करून स्वयंपाकघर वाढवलंय, ती जागा त्यांनी धरली नाही, मंजूर नकाशात नाही म्हणाले. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिले मालक आता हैदराबादला असतात, त्यांचा नंबर मिळालाय. साठेखताचं आज रात्री मिस्टर विचारणार आहेत. वकिलाचा रिपोर्ट आला की इथंच लिहिते.