मदत हवी आहे: बॉक्स ग्रिलला गुढी घट्ट कशी बांधावी?

पाडव्याची गुढी पाचव्या मजल्यावरच्या ग्रिलबाहेर उभारायची आहे. काठी वेळूची, सहा फुटी, टोकाला जेमतेम पाऊण इंच जाड. तांब्याचं तोंड अडीच इंच, त्यामुळे उपडा घातला की तो डुगडुगतो. टोकाला सुती कापड गुंडाळलं तर बसतो, पण दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात खणाचं शीड होतं आणि काठी गरकन फिरते.

एकाच गाठीवर काठी फिरणारच, म्हणून दीड फुटाच्या अंतरानं दोन गाठी, त्याही पेराच्या लगेच खाली. गुळगुळीत वेळूवर नुसती सुतळी घसरते. तार नको, सूर्यास्ताआधी गुढी उतरवताना ती पटकन सुटत नाही. कडुलिंब, आंब्याची डहाळी, हार आणि साखरेची गाठी सगळं एकाच बाजूला आलं की तांब्या हमखास कलतो, हेही ध्यानात आहे.

खरी काळजी खालून जाणाऱ्यांची. तांब्याच्या गळ्याला दोरी बांधून ती ग्रिलला अडकवली तर पुरेल का? आणि ग्रिलच्या चौकोनी सळीवर काठी फिरू नये म्हणून मध्ये काय घालता, सायकलच्या ट्यूबचा तुकडा की लाकडी पाचर? ज्यांच्याकडे दरवर्षी अशीच उभारतात त्यांनी गाठीचा प्रकारही सांगावा.