विद्यापीठांचं लॉबिंग : दलाली की पोटापाण्याचा प्रश्न?

चार्ल्सकाठचा
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "अमेरिकी विद्यापीठं आपल्या मुलांच्या फीवर वॉशिंग्टनमध्ये दलाल पोसतात." खाली नुसता टाळ्यांचा कडकडाट. मी बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात चौदा वर्षं ग्रँटचे, म्हणजे संशोधनाला मिळणाऱ्या अनुदानाचे, हिशेब बघतोय, त्यामुळे गप्प बसवेना.

लॉबिंग म्हणजे सरकारदरबारी आपली बाजू मांडायला माणसं ठेवणं. यात लपूनछपून काही चालत नाही हो. १९९५च्या कायद्यानं खर्च जाहीर करावा लागतो, आता तर दर तीन महिन्यांनी. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, ग्रँटमधला एक सेंट त्याला लावता येत नाही. आणि रक्कम तरी केवढी? बहुतेकांची काही लाख डॉलर. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संशोधनाचा वार्षिक खर्च ३ अब्ज डॉलरच्या वर आहे आणि त्यातला बराचसा पैसा वॉशिंग्टनमधून येतो. ज्या दारातून एवढं येतं तिथे एक माणूस उभा करायचा नाही?

ताजं उदाहरण घ्या. २०२५ साली एंडाउमेंटवरचा, म्हणजे विद्यापीठाच्या गुंतवलेल्या गंगाजळीवरचा, कर वाढला. हाउसनं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, मंजूर केलेल्या विधेयकात वरचा दर २१ टक्के होता, अंतिम कायद्यात ८ झाला. हा काय आपोआप उतरला?

नाशिकचा बाप
ते गृहस्थ मीच. तुमच्या हिशेबात मी नाही, म्हणून सांगतो. मुलीच्या एमएससाठी राहता फ्लॅट बँकेकडे तारण आहे, कर्ज ४५ लाख. एमएसवाल्यांना ना स्कॉलरशिप ना सवलत, आम्ही दुभती गाय. आणि तुम्ही कौतुकानं सांगताय की ५० अब्ज डॉलरहून मोठी गंगाजळी असलेल्या हार्वर्डसारख्यांचा वाढीव कर २१वरून ८वर आला! म्हणजे मी म्हणालो तेच ना?

लॅबवाली
काका, फी आणि संशोधनाचा पैसा वेगळा, इतकं तरी समजून घ्या. फेब्रुवारी २०२५मध्ये एनआयएचनं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेनं, ओव्हरहेड (ग्रँटवर वेगळा मिळणारा सोयीसुविधांचा खर्च) सरसकट १५ टक्क्यांवर आणायचं फर्मान काढलं, तेव्हा आमच्या लॅबमध्ये सुतक होतं. ओव्हरहेड म्हणजे काय ते दाखवते. आमच्याकडे उणे ८० अंशांचे चार फ्रीझर आहेत. जानेवारीत रात्री दोनला एकाचा अलार्म वाजला, मी पायजम्यावर जाकीट चढवून बर्फातून धावले, अकरा वर्षांचे नमुने ड्राय आइसमध्ये भरले. त्या अलार्मचे, जनरेटरचे, रात्रपाळीच्या माणसाचे पैसे कुठल्याच ग्रँटच्या यादीत नसतात. ते ओव्हरहेडमधून येतात. यासाठी कुणी वॉशिंग्टनला जाऊन भांडत असेल तर मी त्याला पुरणपोळी करून घालीन.

सरळ_हिशेब
पुरणपोळी न्यायाधीशांना घाला. ते फर्मान कोर्टानं अडवलं, लॉबीवाल्यांनी नाही.

आणि ओव्हरहेडचं एवढं प्रेम असेल तर १९९१चं स्टॅनफर्ड आठवा. संशोधनाच्या ओव्हरहेडमध्ये काय निघालं? यॉटचा, म्हणजे चैनीच्या बोटीचा, घसारा! विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरची फुलं! काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, सुनावणी झाली, ते अध्यक्ष डोनाल्ड केनेडी, त्यांना पायउतार व्हावं लागलं. तुमचा फ्रीझर त्या यॉटवर होता का?

लॅबवाली
पस्तीस वर्षांपूर्वीच्या यॉटवरून आजचे फ्रीझर बंद करायचे? त्या प्रकरणानंतरच ओव्हरहेडमधल्या प्रशासकीय खर्चाला २६ टक्क्यांची मर्यादा आली आणि ती आजही तेवढीच आहे. अर्धवट गोष्ट सांगू नका.

नाशिकचा बाप
हार्वर्डचा दर ६९ टक्के आहे असं वाचलं. शंभरातले ६९ ऑफिस खातं?

चार्ल्सकाठचा
शंभरातले नाही, शंभरावर ६९. आणि सगळ्या खर्चावर नाही, मोठी उपकरणं त्यातून वगळतात. हे एक वाक्य मी वर्षाला दोनशे वेळा बोलतो.

नाशिकचा बाप
मग ते आधी सांगायचं! चौदा वर्षं हिशेब बघता आणि लोकांना कळेल असं बोलता येत नाही.

माजी_विभागप्रमुख
तुम्ही सगळे उगाच तापताय. तिथे बिचाऱ्या विद्यापीठाला मंत्र्याकडे माणूस पाठवावा लागतो. आपल्याकडे १९८३ला वसंतदादांनी विनाअनुदानितची दारं उघडली, तेव्हापासून कित्येक संस्थापक स्वतःच मंत्री झाले. लॉबिंगचा खर्च शून्य! मी अशाच एका संस्थेत बावीस वर्षं शिकवलं. सातवा वेतन आयोग कागदावर आणि पगार तीन-तीन महिने तुंबलेला...

सरळ_हिशेब
सर, पगाराचा धागा वेगळा काढा, मी तिथेही भांडेन.

आता बॉस्टनवाल्यांना एक शेजारची गोष्ट. हे सुरू कुणी केलं? बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष ज्याँ मेयर यांनी, सत्तरच्या दशकात. कॅसिडी आणि त्यांच्या भागीदाराची लॉबिंग फर्म धरली आणि पोषण-संशोधन केंद्रासाठी थेट काँग्रेसमधून निधी आणला. पीअर रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून अर्जाची पारख, गेली उडत. मग दुसरी विद्यापीठंही त्याच दारात रांगेला. ज्याच्याकडे माणूस नाही, त्याचा अर्ज कितीही चांगला असो, बसा हात चोळत.

आणि मिळालं काय? हार्वर्डनं जानेवारी २०२५मध्ये बॅलार्ड पार्टनर्स ही लॉबिंग फर्म धरली. ट्रंप सरकारात वरच्या पदांवर गेलेल्या सूझी वाइल्स आणि पॅम बाँडी एकेकाळी तिथेच होत्या, म्हणजे ओळख केवढी जवळची. एप्रिलमध्ये सरकारनं हार्वर्डचे ग्रँटचे २.२ अब्ज डॉलर गोठवलेच! सप्टेंबरमध्ये दिलासा दिला तोही कोर्टानं.

चार्ल्सकाठचा
बॅलार्डचं मान्य. टफ्ट्सचंही, नाइलाजानं. पण कोर्टात जायचं की नाही हे ठरवायला खिशात दम लागतो, तो छोट्या कॉलेजांकडे नसतो. त्याच करकायद्यात किमान विद्यार्थिसंख्येची अट ५००वरून ३०००वर गेली आणि कितीतरी छोटी श्रीमंत कॉलेजं सुटली. ते कोर्टानं केलं नाही.

सरळ_हिशेब
"छोटी श्रीमंत." बिचारी.

लॅबवाली
काका, एक करा. सिनेटच्या साइटवर तुमच्या मुलीच्या विद्यापीठाचं नाव टाका. तिमाही अहवाल उघडेल.

नाशिकचा बाप
उघडला. चष्मा पुसून दोनदा वाचला. पेल ग्रँट (तिथल्या गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत), एनआयएच, एंडाउमेंट कर... आणि खाली इमिग्रेशनच्या रकान्यात विद्यार्थी व्हिसा, ओपीटी (शिक्षणानंतर तिथे काही काळ नोकरीची परवानगी). मुलीची ओपीटी जूनमध्ये सुरू होते.

सरळ_हिशेब
फॉर्मवर फक्त विषय असतो काका. बाजूनं बोलले की विरोधात, ते लिहावं लागत नाही.

नाशिकचा बाप
विद्यापीठ ओपीटीच्या विरोधात बोलेल? गाय कोण कापतं? बरं, त्या एका ओळीपुरते पैसे माफ. यॉटचे नाही.