मदत हवी आहे : सगळ्या फाइलींच्या नावामागे चार अक्षरी शेपूट, एकही उघडत नाही

हिशेबनीस :
ऑफिसच्या विंडोज १० संगणकावर एक्सेल, फोटो, टॅलीचा डेटा, काहीच उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' फाइल : ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. आदल्या दिवशी एका सॉफ्टवेअरचा क्रॅक (फुकट वापरासाठीची चोरटी फाइल) टाकला होता. बॅकअप डी ड्राइव्हवर होता, तोही गेला. फॉरमॅट मारू, की आधी पेनड्राइव्हवर फाइली काढून घेऊ?

लोखंडीकडी :
आज दोन्ही करू नका, पैसेही भरू नका. ही लक्षणं स्टॉप-डीजेव्हीयू या रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची आहेत. तो टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) 'टाइम ट्रिगर टास्क' ठेवून जातो, दर पाच मिनिटांनी चालणारा. त्यामुळे पेनड्राइव्ह लावलात की त्यावरच्या फाइलीही लॉक होतील. नेट तोडा, संगणक बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या स्वच्छ संगणकावर तिची पूर्ण प्रत घ्या. मग सी ड्राइव्हवरच्या 'सिस्टिमआयडी' फोल्डरमधली 'पर्सनलआयडी' फाइल बघा. आयडी टी१ ने संपतो का?

हिशेबनीस :
दोन आयडी आहेत. एकच टी१ ने संपतो.

लोखंडीकडी :
म्हणजे काही फाइली ऑफलाइन किल्लीने लॉक झाल्यात. हल्लेखोरांचा सर्व्हर मिळाला नाही की व्हायरस स्वतःजवळची किल्ली वापरतो, आणि त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना तीच असते. ती एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरमध्ये (लॉक उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आली असेल तर या फाइली सुटतील. आज नसेल तर प्रत जपून ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा चालवा. आधी व्हायरस काढा. डिक्रिप्टरला नेट लागतं. जोडणी झाली नाही तर होस्ट्स फाइल (कोणती साइट कुठे शोधायची ते सांगणारी विंडोजची फाइल) तपासा, हा व्हायरस तिच्यात सुरक्षेच्या साइट अडवून ठेवतो.

ऑनलाइन, म्हणजे सर्व्हरवरून आलेल्या किल्लीच्या फाइली अशा सुटत नाहीत. पण प्रत्येक फाइलचे पहिले सुमारे १५० केबीच बिघडतात. मोठ्या झिपच्या प्रतीचं शेपूट काढून ७-झिपने उघडा, पहिली फाइल सोडून बाकीच्या बहुधा निघतात. मोठे व्हिडिओही दुरुस्त होऊ शकतात. छोट्या एक्सेल मात्र पूर्ण गेल्या.

गवाक्ष :
ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरीला गेले असंच धरा; याच्यासोबत पासवर्डचोर प्रोग्रॅम अनेकदा येतो. बँक, जीएसटी, ईमेल सगळे बदला, पण दुसऱ्या संगणकावरून. पुढच्या बॅकअपला दोन बाहेरच्या डिस्क, आलटून पालटून, आणि काम झालं की वायर काढायचीच. डी ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे.